काजूच्या हंगामात माकडतापापासून बचाव कसा करावा

काजूची बोंडे जानेवारीच्या अखेरीपासून पिकून गळू लागतात आणि मे महिन्यात वळीव येईपर्यंत दोडामार्ग, बांदा, सत्तरी या सिंधुदुर्ग-गोवा सीमेवरच्या पट्ट्यातल्या घराघरातले कोणी ना कोणी रोज सकाळी बागेत वाकलेले असते. माकडतापाचे, म्हणजे गोचीड चावल्याने होणाऱ्या विषाणूजन्य तापाचे, रुग्ण सर्वाधिक सापडतात तेही याच महिन्यांत. पाऊस संपून पातेरा, म्हणजे झाडांखालचा पालापाचोळा, सुकला की त्यात दडलेल्या गोचिडींची पिल्ले भुकेली होऊन वर येतात, आणि नेमक्या त्याच पातेऱ्यात माणसे बी वेचायला हात घालतात. गोव्यातील काजू बागांतल्या मजुरांना या विषाणूची बाधा त्यांच्या कामातूनच होते, असे दाखवणारा शोधनिबंध 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा आमच्या भागातल्या कोणालाच त्याचे आश्चर्य वाटले नसेल. 2015 मध्ये सत्तरीतील पाली गावात आणि 2016 मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात या तापाने माणसे दगावलेली आम्ही पाहिली होती.

बाग सोडून घरी बसा, हा सल्ला येथे निरुपयोगी आहे, कारण वर्षाचा पैसा याच चार महिन्यांत हाती येतो. म्हणून बागेत जायचेच आहे असे धरून, काय केले असता धोका कमी होतो, ते पुढे लिहिले आहे.

रोग कसा फिरतो

मार्च 1957 मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, सोरब तालुक्यातील क्यासनूर जंगलात माकडे मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांतील माणसेही तापाने आजारी पडली. माकडे मरतात म्हणजे पीतज्वर (यलो फीवर) भारतात शिरला की काय, अशी शंका तेव्हा प्रथम घेतली गेली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतील, शास्त्रज्ञांनी मेलेल्या माकडांच्या शरीरातून विषाणू वेगळा केला, तो पीतज्वराचा नसल्याचे दाखवले आणि तो गोचिडींमार्फत पसरतो हेही शोधून काढले. त्या जंगलाच्या नावावरून रोगाला क्यासनूर जंगलाचा रोग म्हणतात. माकडताप हे नाव लोकांनी दिले, ते तोंडी बसले खरे, पण त्याने थोडा घोटाळाही करून ठेवला. माकड माणसाला रोग देत नाही. आपल्यासारखेच तेही या रोगाला बळी पडते, आणि बहुधा आपल्याआधी बळी पडते.

विषाणूचे खरे घर म्हणजे रानातली गोचीड आणि उंदीर, चिचुंद्री, खार असे जमिनीलगत वावरणारे छोटे प्राणी. अंड्यातून निघालेले सहा पायांचे पिल्लू अशा एखाद्या बाधित प्राण्याचे रक्त पिते, विषाणू त्याच्या अंगात शिरतो आणि पुढे पिल्लू कात टाकून आठ पायांचे झाले तरी तो तिथेच राहतो. हे आठ पायांचे वाढते पिल्लू जेमतेम खसखशीच्या दाण्याएवढे असते. माणसाला बाधा होते ती प्रामुख्याने याच अवस्थेत. गुरांच्या कानात आणि कासेजवळ दिसणाऱ्या, रक्त पिऊन टम्म फुगलेल्या गोचिडी सर्वांना ओळखता येतात. ज्यांची भीती बाळगायची त्या मात्र डोळ्यांना सहज दिसत नाहीत, एवढे लक्षात ठेवले तर पुढच्या सूचना जाचक वाटणार नाहीत.

एका माणसाकडून दुसऱ्या माणसाला हा रोग झाल्याचे आढळलेले नाही. त्यामुळे घरात रुग्ण असला तर त्याला वेगळे ताट-वाटी देऊन कोपऱ्यात बसवण्याचे कारण नाही, आणि त्याच्या घरी जाणे-येणे बंद करणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

हा विषाणू कित्येक दशके शिमोगा आणि लगतच्या जिल्ह्यांपुरता होता. 2012 नंतर तो बंदीपूर, निलगिरी, वायनाड आणि पुढे गोवा व सिंधुदुर्ग असा पश्चिम घाटाच्या दोन्ही टोकांकडे दिसू लागला. 1957 ते 2017 या काळात गोळा केलेल्या विषाणूंची जनुकीय रचना ताडून, तो घाटातून कसा पसरत गेला याचा माग पुण्याच्या संस्थेने काढला आहे. कोणत्या प्रकारच्या भूभागात माणसांना बाधा होते, हे नकाशांवर मांडणारे 2020 मधील संशोधन तर आपल्या दृष्टीने अधिकच महत्त्वाचे आहे. सदाहरित जंगल आणि बागायत एकमेकांत मिसळलेली आहे आणि गावठी गुरांची संख्या जास्त आहे, अशा ठिकाणी रुग्ण सापडण्याची शक्यता अधिक, असे त्यात आढळले. आपल्या घराच्या परड्यात उभे राहून चहूकडे पाहिले की हेच वर्णन समोर दिसते: वर राखीव जंगल, खाली काजू, मध्ये चरणारी गुरे.

मेलेले वानर किंवा माकड दिसले तर

या साऱ्यात सर्वांत मोलाची गोष्ट ही आहे, आणि ती आपल्या हातात आहे.

वानर असो वा लाल तोंडाचे माकड, ते मरून पडले की शरीर थंड होऊ लागते आणि त्याच्या अंगावर रक्त पीत असलेल्या गोचिडी एकेक करून खाली उतरतात. त्या बाधित रक्त प्यालेल्या असतात. त्यामुळे मृत माकडाभोवतीची जागा पुढचे कित्येक दिवस धोक्याची राहते, आणि कलेवर कोणी उचलून नेले तरी धोका तिथेच पातेऱ्यात शिल्लक असतो. दुसऱ्या बाजूने पाहिले तर, या रोगाने माणूस आजारी पडण्याच्या आधी माकड मेलेले दिसणे ही आपल्याला मिळणारी सर्वांत लवकरची सूचना आहे. ती वेळेवर योग्य जागी पोहोचली तर अख्खी वाडी सावध होऊ शकते.

म्हणून मेलेले किंवा झाडावरून पडून धडपडणारे माकड दिसले की जवळ जाऊ नका, काठीने हलवून पाहू नका आणि कुत्र्यालाही तिकडे फिरकू देऊ नका. लांब उभे राहून जागेची खूण मनाशी पक्की करा: कोणाची बाग, कोणता व्हाळ (ओढा), वाटेपासून किती अंतरावर. शक्य असल्यास मोबाइलने लांबूनच फोटो काढा. मग त्याच दिवशी गावातील आशा सेविकेला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा आणि वनरक्षकालाही सांगा. महाराष्ट्रात वन विभागाचा 1926 हा निःशुल्क क्रमांक आहे. ग्रामपंचायतीला कळवले तर वाडीत निरोप फिरवणे सोपे जाते. माकड विजेच्या तारेला चिकटून किंवा कुत्र्यांनी फाडून मेले असेल असे वाटले, तरी तो निर्णय आपण घेऊ नये. मृत माकडाच्या शरीराचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवणे आणि त्या जागेभोवती गोचीडनाशक पावडर टाकणे ही कामे प्रशिक्षित माणसे अंगभर संरक्षक पोशाख घालून करतात, ते उगीच नव्हे.

येथे एक नाजूक गोष्ट लिहिणे भाग आहे. आपल्याकडे वानराला मारुतीचे रूप मानतात. ते मेले की त्याला कोऱ्या कपड्यात गुंडाळून, हळदकुंकू आणि फुले वाहून, चौघांनी उचलून नेऊन माती देण्याची रीत अनेक गावांत आहे. मी लहान असताना आमच्या वाडीत एक थोराड वानर आंब्याखाली मेलेले आढळले होते आणि जाणत्या मंडळींनी उघड्या हातांनी त्याला उचलले होते. आम्ही मुले त्याच्या शेपटीचा गोंडा हातात घेऊन पाहत होतो. तेव्हा कोणाला काही झाले नाही, पण आज तो प्रसंग आठवला की अंगावर काटा येतो. ही श्रद्धा मला मोडायची नाही. वनखात्याची माणसे आपले काम उरकून कलेवराची विल्हेवाट लावेपर्यंत थांबावे, लांबूनच हात जोडावेत, आणि फुले, नारळ जे काही वाहायचे ते गावातल्या मारुतीच्या देवळात वाहावे, एवढेच सांगणे आहे. गावातल्या गुरवांनी किंवा मानकऱ्यांनी हे सांगितले तर लोक ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

त्या जागेजवळ ज्यांची बाग आहे त्यांनी आरोग्य कर्मचाऱ्यांचा निरोप येईपर्यंत तिथली बी वेचू नये. चार दिवसांची बी पातेऱ्यात पडून राहिली तर नुकसान होते, हे मान्य आहे. पण ते सोसण्याजोगे आहे.

बागेत जाताना आणि बागेत

पोशाख साधाच पुरतो, पण तो नीट घालायला हवा. पूर्ण बाह्यांचा सदरा, पायघोळ पँट आणि पोटरीपर्यंत येणारे मोजे घाला आणि पँटचे पाय मोज्यांत खोचा. गोचीड उडी मारत नाही आणि झाडावरून अंगावर टपकत नाही. ती जमिनीवरून किंवा गवताच्या पात्यावरून अंगावर येते आणि वर वर चढत जाते. कापडावर कापड खोचलेले असले तर ती कातडीपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढ्यात दिसू शकते. त्यासाठीच कपडे फिक्या रंगाचे असावेत. बागेत जाणाऱ्या बहुतेक बायका साडीवर नवऱ्याचा किंवा मुलाचा जुना शर्ट चढवतात. त्या शर्टाखाली साडीऐवजी जुनी पँट आणि मोजे घालण्याची सवय लावून घेतली तर पोटऱ्या आणि मांड्या झाकल्या जातात. गमबूट मिळाले तर उत्तमच.

उघड्या राहणाऱ्या भागाला, म्हणजे हात, मान, घोटे यांना, गोचीड दूर ठेवणारे तेल लावा. संरक्षण संशोधन संस्थेने विकसित केलेले डेपा तेल किंवा डीएमपी तेल प्रभावित गावांत आरोग्य विभागामार्फत वाटले जाते. हंगामाच्या सुरुवातीलाच आशा सेविकेकडे त्याची चौकशी करा. घामाने ते धुऊन जाते, त्यामुळे सकाळी सातला लावलेल्या तेलावर दुपारपर्यंत विसंबू नका. बाटली बागेतच न्या आणि न्याहारीच्या वेळी पुन्हा लावा.

बी वेचण्याची पद्धत थोडी बदलता आली तर फार फरक पडतो. आपल्याकडे बोंडे गोळा करून झाडाखालीच पातेऱ्यात फतकल मारून बसतात आणि बी पिळून वेगळी करतात. तास-दीड तास माणूस एका जागी, उघड्या पावलांनी, सुक्या पानांत बसलेला असतो. गोचिडीला याहून सोयीचे काही नाही. बोंडे घमेल्यात भरून अंगणात किंवा उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, उन्हात आणून तिथे बी काढा. गोचिडीला दमट सावली लागते, तापलेल्या कातळावर तिचा टिकाव लागत नाही. बागेतच बसणे भाग असेल तर जागा झाडून घ्या आणि जाड ताडपत्री अंथरून तिच्यावर बसा. हंगाम सुरू होण्याआधी झाडांखालचा पातेरा ओढून घेतला की बीही चटकन दिसते आणि धोकाही कमी होतो. पातेरा ओढायला हात न वापरता दाताळे वापरा, आणि हे काम करतानाही वर सांगितलेलाच पोशाख घाला.

जळणासाठी जंगलात जाणाऱ्यांनी आणि गोठ्यात अंथरायला पातेरा आणणाऱ्यांनीही हेच पाळावे. डोक्यावरच्या भाऱ्यातून गोचिडी थेट मानेवर आणि केसांत येतात, म्हणून भाऱ्याखाली जाड कापड घ्या आणि भारा घराच्या पडवीत न टाकता अंगणाच्या कडेला उन्हात टाका. जिथे माकडे मेलेली आढळली आहेत तिथला पातेरा त्या हंगामात आणूच नका.

घरी परतल्यावर

अंगावरचे कपडे घरात नेऊ नका. अंगणातच काढून कढत पाण्यात भिजवा, मग साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवा. चुलीवर पाण्याचा हंडा असतोच, त्यामुळे याला वेगळा खर्च नाही. त्यानंतर साबण लावून अंग चोळून आंघोळ करा. गुडघ्यांची मागची बाजू, जांघा, कंबरेची नाडी बांधतो ती जागा, काखा, कानांमागे आणि केसांची मुळे या जागा चाचपून पाहा. पाठ दुसऱ्याला पाहायला सांगा. बागेतून आलेल्या लहान मुलांचे अंग घरातल्या मोठ्या माणसाने स्वतः तपासावे.

गोचीड चिकटलेली दिसली तर घाबरून ती ओरबाडू नका. बारीक टोकाचा चिमटा कातडीला टेकवून गोचिडीला तोंडाच्या जितके जवळ पकडता येईल तितके पकडा आणि पिळ न देता, सावकाश, सरळ वर ओढा. बिडीचा चटका देणे, रॉकेल किंवा चुना लावणे हे उपाय आपल्याकडे सर्रास करतात, ते टाळावेत. चटका बसलेली गोचीड सुटण्याआधी तोंडातला द्रव जखमेत अधिक सोडण्याची भीती असते. काढलेली गोचीड नखांवर चिरडण्याची सवय तर त्याहून वाईट, कारण तिच्या अंगातले रक्त थेट आपल्या बोटांना लागते. ती साबणाच्या दाट पाण्यात बुडवा किंवा चिकटपट्टीत घट्ट बंद करून टाका. मग चावलेली जागा आणि हात साबणाने धुवा.

गुरांना या विषाणूने सहसा आजार होत नाही, पण मोठ्या गोचिडी त्यांच्याच रक्तावर पोसतात आणि त्यांच्या अंगावरून जंगलातून गोठ्यात येतात. पशुवैद्यकीय दवाखान्यातून गोचीडनाशक औषध घेऊन, सांगितलेल्या प्रमाणातच, हंगामाआधी आणि हंगामात ते गुरांना लावावे. गोठ्याच्या भिंतींच्या भेगाही विसरू नयेत.

लसीबद्दल

लस घेतली की झाले, असे आजही काही जण सांगतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो. कर्नाटकात 1990 पासून एक निष्क्रिय विषाणूची लस दिली जात असे. 2005 ते 2010 या काळातील नोंदी तपासल्या तेव्हा एका मात्रेचा उपयोग दिसला नाही, दोन मात्रांनी सुमारे 62 टक्के आणि त्यावर वर्धक मात्रा घेतल्यास सुमारे 83 टक्के संरक्षण मिळाले, असे आढळले. पुढे तिचा प्रभाव समाधानकारक न राहिल्याने 2022 मध्ये ती देणे बंद झाले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद हैदराबादच्या इंडियन इम्युनोलॉजिकल्स या कंपनीसह नवी लस तयार करत आहे आणि तिच्याकडून मला मोठी आशा आहे. मात्र ती गावातल्या आरोग्य केंद्रात पोहोचेपर्यंत मोजे, तेल आणि कढत पाणी हीच आपली लस आहे.

ताप आला तर

गोचीड चावल्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत ताप येतो, आणि तो हळूहळू चढत नाही, एकाएकी भरतो. थंडी वाजते, कपाळ फुटेल असे डोके दुखते, मान, कंबर आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की माणूस अंथरुणात कूस बदलू शकत नाही. डोळे लाल होतात. दोन-तीन दिवसांनी उलट्या, जुलाब सुरू होऊ शकतात. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून किंवा शौचावाटे रक्त जाते. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी झालेल्या आढळतात, त्यामुळे पहिल्या नजरेत तो डेंग्यू वाटतो. पावसाळ्यात असा ताप आला की लेप्टोचा विचार होतो. काजूच्या हंगामात माकडतापाचा व्हायला हवा.

तसा तो व्हावा यासाठी डॉक्टरांना माहिती आपणच द्यायला हवी. आमच्या नात्यातल्या एका काकूंना तालुक्याबाहेरच्या दवाखान्यात नेले, तेव्हा त्या रोज काजूच्या बागेत जातात हे ना कोणी विचारले, ना आम्ही सांगितले. पाच दिवस नुसत्या सलाइनवर गेले. त्या वाचल्या, पण हात-पाय चालायला दोन महिने लागले. म्हणून दवाखान्यात पाऊल टाकताच सांगा: गाव कोणते, बागेत किंवा जंगलात शेवटचे कधी गेलो होतो, गोचीड चावलेली आठवते का, आणि परिसरात माकड मेल्याचे कळले आहे का.

निदानासाठी वेळ महत्त्वाची आहे. तापाच्या पहिल्या आठवड्यात रक्तात विषाणू असतो आणि आरटी-पीसीआर चाचणीत तो सापडतो. पाच-सहा दिवसांनंतर प्रतिपिंडांची एलायझा चाचणी उपयोगी पडू लागते. ट्रूनॅट यंत्रावर चालणारी चाचणीही पुण्याच्या संस्थेने विकसित केली आहे. तिच्यामुळे नमुना लांबच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवून वाट पाहण्याची गरज कमी होऊ शकते. संशय असेल तर खाजगी डॉक्टरांकडे उपचार चालू असतानाही प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुना पाठवण्याची विनंती करा.

या विषाणूवर नेमके औषध आजमितीला नाही. तरीही वेळेवर दाखल झालेला रुग्ण बहुधा वाचतो, कारण शरीरातले पाणी, रक्तदाब आणि रक्तस्राव यांवर लक्ष ठेवता येते. बाधितांपैकी साधारण तीन ते पाच टक्के रुग्ण दगावतात. तापासाठी पॅरासिटामॉल चालते. अंगदुखी असह्य झाली म्हणून दुकानातून दुसऱ्या वेदनाशामक गोळ्या किंवा अ‍ॅस्पिरिन आणून घेऊ नका, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. रक्त पडू लागले, लघवी कमी झाली, गुंगी आली किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करून रुग्णालय गाठा.

ताप आठ-दहा दिवसांत उतरतो, माणूस भात-पेज खाऊ लागतो आणि घरचे निर्धास्त होतात. पण दहा ते वीस टक्के रुग्णांमध्ये, मध्ये काही दिवस बरे गेल्यावर, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास ताप परत येतो, आणि या वेळी तो मेंदूपर्यंत पोहोचतो: तीव्र डोकेदुखी, हातांना कंप, अंधुक दिसणे, बोलण्यात गोंधळ. बी विकण्याच्या घाईत हे दिवस नेमके विसरले जातात. म्हणून ताप सुरू झाला ती तारीख भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर गोल करून ठेवा, तिथून पुढचे चार आठवडे मोजा, आणि तेवढ्या काळात यांपैकी काहीही दिसले तर आधीच्या तपासणीचे सगळे कागद घेऊन रुग्णाला त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात न्या.